सोलापुरात घर घेण्याआधी वस्ती कशी पारखावी

सोलापुरात घर भाड्याने किंवा विकत घेऊ पाहणाऱ्या माणसाला पहिल्याच आठवड्यात दोन वाक्ये ऐकायला मिळतात. ‘त्या बाजूला घेऊ नका, तिकडची वस्ती बरी नाही,’ हे एक, आणि ‘इकडे कसलीच भीती नाही, सगळे नोकरदार लोक आहेत,’ हे दुसरे. सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते; पण कोणत्या प्रकारचा गुन्हा, कोणत्या गल्लीत, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि कोणाच्या बाबतीत घडला, यातले काहीही त्या वाक्यांतून कळत नाही, आणि घर घेणाऱ्याला नेमके तेवढेच कळायला हवे असते. जुळे सोलापुरात सुटीत बंद राहणाऱ्या बंगल्याची काळजी वेगळी असते, भवानी पेठेत दाराला दार लागून असलेल्या घराची वेगळी. आणि रात्रपाळी संपवून एकटी परतणारी परिचारिका ज्या वळणावर पावले झपाझप उचलते, त्या वळणात काही वावगे आहे हे पहाटे फिरायला जाणाऱ्या आजोबांच्या ध्यानातही येत नाही. वस्तीवर शिक्का मारण्याऐवजी तिची चौकशी कशी करावी आणि तेथे राहायला गेल्यावर कोणती खबरदारी घ्यावी, हे पुढे मांडले आहे.

आधी हद्द शोधा

पहिले काम म्हणजे घर कोणत्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येते ते शोधणे. सोलापूर शहरासाठी पोलीस आयुक्तालय असून त्याखाली फौजदार चावडी, जेल रोड, सदर बझार, विजापूर नाका, एमआयडीसी, सलगर वस्ती आणि जोडभावी पेठ ही ठाणी आहेत. शहराबाहेरचा जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या, म्हणजे सोलापूर ग्रामीण पोलीस दलाच्या अखत्यारीत येतो. जाहिरातीत ‘सोलापूर’ म्हणून विकले जाणारे, पण महापालिकेच्या सीमेपलीकडे पडणारे प्लॉट ग्रामीण हद्दीत असू शकतात आणि तेथे मदतीला येणारी गाडी वेगळ्याच ठाण्याहून निघते. तेव्हा व्यवहार ठरवण्यापूर्वी त्या रस्त्याच्या तोंडापासून पोलीस ठाण्यापर्यंत दुचाकीवरून एकदा जाऊन यावे. किती वेळ लागतो, वाटेत रेल्वेचे फाटक किंवा नेहमी तुंबणारा चौक लागतो का, हे नकाशापेक्षा त्या फेरीत अधिक नीट कळते.

सोलापूरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. १९९२ च्या हद्दवाढीने शहराचे क्षेत्र सुमारे ३३ चौरस किलोमीटरांवरून सुमारे १७८ चौरस किलोमीटरांपर्यंत पोहोचले. जुन्या पेठांची घडण गल्लीबोळांची, यंत्रमागांच्या आवाजाची आणि ओट्यावर बसलेल्या माणसांची आहे, तर हद्दवाढ भागाची घडण रुंद रस्त्यांची, मोकळ्या प्लॉटांची आणि कुंपणामागच्या घरांची आहे. पेठेत अनोळखी माणूस शिरला तर पाच जण त्याच्याकडे पाहतात. हद्दवाढ भागातील एखाद्या नगरात तो भर दुपारी तासभर फिरला तरी कोणाच्या दृष्टीस पडेलच असे नाही. उलट पेठेतील गर्दीत खिशातला मोबाईल जातो आणि दारात लावलेली दुचाकी पहाटे नाहीशी होते. म्हणून एका भागाला सुरक्षित आणि दुसऱ्याला असुरक्षित ठरवणारे सरसकट विधान मला पटत नाही. आपण कसे राहणार आहोत, घर किती वेळ बंद असणार आहे आणि घरात कोण असणार आहे, यावर धोक्याचे स्वरूप ठरते.

आकडे कोठे मिळतात, आणि ते कसे वाचावेत

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी देशभरातील गुन्ह्यांचा अहवाल प्रसिद्ध करतो. त्यातील जिल्हावार तक्त्यांमध्ये सोलापूर आयुक्तालय आणि सोलापूर ग्रामीण यांची नोंद स्वतंत्रपणे केलेली असते. वर्तमानपत्रांत येणाऱ्या ‘देशातील सर्वांत सुरक्षित शहरे’ अशा याद्या मात्र या अहवालातील महानगरांच्या तक्त्यावरून तयार होतात आणि त्या तक्त्यात २० लाखांहून अधिक लोकसंख्येची शहरेच घेतलेली असतात. २०११ च्या जनगणनेनुसार सोलापूरची लोकसंख्या ९,५१,५५८ होती. तेव्हा अशा यादीत आपले शहर नाही याचा अर्थ ते चांगले किंवा वाईट असा काहीच निघत नाही.

गुन्ह्यांचा दर म्हणजे दर एक लाख लोकसंख्येमागे नोंदवलेले गुन्हे. साडेनऊ लाखांच्या शहरात वर्षाला ९५ घरफोड्या नोंदवल्या गेल्या असे समजले, तर दर साधारण १० येतो. हिशेब सोपा आहे, पण त्यात तीन खाचखळगे आहेत. पहिला असा की, जनगणना २०११ नंतर झालेली नसताना पुढील वर्षांची लोकसंख्या अंदाजाने धरली जाते. शहराच्या कडेची नगरे ज्या वेगाने वाढली तो वेग या अंदाजात उतरतोच असे नाही. दुसरा असा की, एकाच घटनेत अनेक गुन्हे घडले तर अहवालात त्यांतील सर्वांत गंभीर गुन्हाच मोजला जातो. घरफोडी करताना खून झाला तर ती नोंद खुनाच्या रकान्यात जाते, घरफोडीच्या नाही.

तिसरा खळगा वस्ती पारखणाऱ्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. दर काढताना भागाकार तेथे राहणाऱ्यांच्या संख्येने होतो, पण गुन्हा घडतो तो तेथे येणाऱ्यांच्याही बाबतीत. पंढरपूर, अक्कलकोट आणि तुळजापूरला जाणारे भाविक एसटी स्थानकात गाडी बदलतात. गर्दीत चढताना एखाद्या बाईच्या पिशवीतील दागिने गेले तर गुन्हा स्थानकाच्या हद्दीतील ठाण्यात दाखल होतो. कांद्याच्या हंगामात मार्केट यार्डात रोकड घेऊन वावरणाऱ्या शेतकऱ्याचा खिसा कापला गेला तर तो आकडा यार्डाच्या हद्दीत जमा होतो. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या गड्ड्यात, म्हणजे जत्रेत, होम मैदानावर मोबाईल चोरीस गेले तर त्याही ठाण्याची संख्या वाढते. या सगळ्याचा शेजारच्या पेठेत राहणाऱ्या कुटुंबाच्या झोपेशी फारसा संबंध नसतो, तरीही ठाण्याचा एकूण आकडा पाहून आपण त्या पेठेला नावे ठेवून मोकळे होतो. म्हणून एकूण गुन्हे पाहू नयेत. घरफोडी, जबरी चोरी, वाहनचोरी, मारामारी असे वेगवेगळे आकडे पाहावेत आणि घर निवडताना घरफोडीला अधिक वजन द्यावे.

काही आकडे तर गुन्ह्यापेक्षा पोलिसांच्या हालचालीचे मोजमाप असतात. अवैध दारू, जुगार, विनापरवाना शस्त्र यांचे गुन्हे छापा घातला तरच नोंदवले जातात. एखाद्या वर्षी ते वाढले तर तो भाग बिघडला असेल किंवा तेथे अखेर कारवाई झाली असेल. सोलापूर ग्रामीण पोलिसांनी २०२१ मध्ये तत्कालीन अधीक्षक तेजस्वी सातपुते यांच्या पुढाकाराने ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केले. हातभट्टीवर जगणाऱ्या तांड्यांवर छापे घालण्याबरोबरच तेथील कुटुंबांना दुसरा रोजगार मिळवून देण्याचा तो प्रयत्न होता. अशा काळात केवळ दाखल गुन्ह्यांचा रकाना पाहणाऱ्याला खरे चित्र दिसणे अवघड असते.

आता आपल्या गल्लीपर्यंत कसे पोहोचावे ते पाहू. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार प्रथम खबरी अहवाल (एफआयआर) साधारणपणे २४ तासांत संकेतस्थळावर ठेवावे लागतात. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक संकेतस्थळावर प्रसिद्ध झालेले अहवाल जिल्हा, पोलीस ठाणे आणि तारीख निवडून पाहता येतात. ‘सोलापूर शहर’ निवडून आपल्या ठाण्याचे मागील काही महिन्यांचे अहवाल शांतपणे वाचावेत आणि प्रत्येक घरफोडीचे ठिकाण, वार, वेळ व आत शिरण्याची पद्धत वहीत लिहून काढावी. दोन संध्याकाळी यासाठी पुरतात. कडी-कोयंडा तोडून आत शिरले, की उघड्या दारातून, की मागच्या खिडकीचे गज वाकवून, हे एकदा डोळ्यांसमोर आले म्हणजे आपल्या घरावर कोणता खर्च करायचा हेही कळते. मात्र लैंगिक अत्याचार आणि बालकांवरील अत्याचार यांसारखे संवेदनशील गुन्हे तेथे प्रसिद्ध केले जात नाहीत. त्यामुळे स्त्रियांच्या सुरक्षिततेचा अंदाज या यादीवरून बांधणे चूक ठरेल. त्यासाठी तेथे राहणाऱ्या स्त्रियांशीच बोलावे लागते.

यापेक्षा नेमकी माहिती हवी असेल तर माहितीचा अधिकार आहे. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावतात आणि ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते. ‘आपल्या हद्दीतील गुन्ह्यांची माहिती द्यावी’ असा ढोबळ अर्ज करू नये. अमुक चौक ते अमुक चौक या पट्ट्यात मागील तीन कॅलेंडर वर्षांत घरफोडी, जबरी चोरी आणि वाहनचोरी यांचे वर्षनिहाय किती गुन्हे दाखल झाले, त्यांपैकी किती उघडकीस आले आणि किती प्रकरणांत मुद्देमाल परत मिळाला, असे विचारावे. उघडकीस येण्याचे प्रमाण हा माझ्या मते दाखल गुन्ह्यांइतकाच महत्त्वाचा आकडा आहे.

छोट्या आकड्यांनी दचकू नये. २०० घरांच्या नगरात गेल्या वर्षी एक घरफोडी झाली आणि यंदा तीन झाल्या, तर ‘चोऱ्या तिप्पट’ अशी बातमी होते. प्रत्यक्षात एकाच टोळीने एका रात्रीत तीन बंद घरे फोडलेली असू शकतात. निदान तीन वर्षांचे आकडे एकत्र पाहिल्याखेरीज कल ठरवता येत नाही. तसेच नोंद न झालेले गुन्हे कोणत्याही तक्त्यात नसतात. बाजारात मोबाईल चोरीला गेल्यावर अनेक जण नवीन सिमकार्ड मिळवण्यापुरता ‘गहाळ’ झाल्याचा दाखला घेतात आणि गुन्हा नोंदवतच नाहीत. असे शंभर मोबाईल गेले तरी त्या बाजाराच्या नावावर एकही चोरी दिसत नाही आणि तेथे गस्त वाढवण्याचे कारण कोणाच्याही टेबलावर येत नाही.

नावावरून वस्ती ठरवू नका

सोलापूरच्या माणसाने तरी ही चूक करू नये, असे मला फार मनापासून वाटते. ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला आणि पुढे त्याच कायद्याच्या आधारे सोलापुरात अशा कुटुंबांना तारेच्या कुंपणाआड, ‘सेटलमेंट’ म्हटल्या जाणाऱ्या वस्त्यांत ठेवण्यात आले. हजेरी देणे, परवानगीशिवाय बाहेर न जाणे आणि गिरण्यांत राबणे हे त्यांच्या वाट्याला आले. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण ‘सेटलमेंट’ हे नाव शहराच्या तोंडी अजून आहे. या वस्त्यांतून शिकून नोकरीला लागलेल्या मुलांना पत्ता सांगताना आजही क्षणभर थांबावे लागते, आणि तो संकोच त्यांच्या वागण्यातून आलेला नसून आपल्या बोलण्यातून आलेला आहे. एखाद्या भागाचे नाव, तेथे बोलली जाणारी भाषा, तेथील प्रार्थनास्थळ किंवा पत्र्याची घरे यांपैकी कशावरूनही घरफोडीचा अंदाज बांधता येत नाही. विड्या वळणाऱ्या बायका दिवसभर दारात सूप घेऊन बसतात अशा गल्लीत भरदिवसा कुलूप तोडण्याचे धाडस कोण करील, याचा विचार ‘चांगल्या वस्ती’साठी जास्त भाडे मोजणाऱ्याने एकदा अवश्य करावा.

चार वेळा जाऊन पाहा

घर दाखवणारा मध्यस्थ आपल्याला बहुधा सकाळी अकराला नेतो, तेव्हा प्रत्येक रस्ता बरा दिसतो. त्याला न सांगता आणखी चार फेऱ्या माराव्यात. पहिली दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, शक्यतो उन्हाळ्यात. सोलापूरच्या उन्हात त्या वेळी दारे बंद असतात, माणसे आत असतात आणि रस्ता निर्मनुष्य होतो. दुसरी दिवेलागणीला, कोणत्या खांबावरचा दिवा लागत नाही ते पाहण्यासाठी. तिसरी रात्री अकरानंतर. औषधाचे दुकान, पानपट्टी, रिक्षा थांबा यांपैकी काय उघडे असते, मोकळ्या प्लॉटवर कोण बसलेले असते, आणि बसथांब्यापासून घरापर्यंतच्या वाटेवर एखादी खिडकी उजळलेली दिसते का, हे तेव्हाच कळते. चौथी फेरी नळाला पाणी येण्याच्या दिवशी करावी. आपल्याकडे पाणी काही दिवसांच्या अंतराने येते आणि अनेक भागांत ते अवेळी येते, त्यामुळे त्या दिवशी माणसे घागरी व पाईप घेऊन बाहेर असतात, पुढचे दार सताड उघडे असते आणि मोबाईल चार्जिंगला लावलेला असतो. उघड्या दारातून होणाऱ्या चोऱ्यांना असा प्रसंग फार सोयीचा असतो. त्याच दिवशी शेजारपाजारच्यांशी ओळखही सहज होते.

फिरताना भिंतींपेक्षा नजरांकडे लक्ष द्यावे. रस्त्यावर उघडणाऱ्या खिडक्या किती आहेत, गॅलरीत माणसे बसतात का, की दुतर्फा उंच संरक्षक भिंती असून कोणालाच रस्ता दिसत नाही? उंच भिंत मालकाला निर्धास्त करते, पण एकदा ती ओलांडून आत गेलेल्या चोराला तीच आडोसा देते. वाळू-विटांचे ढीग, अर्धवट बांधकामे, वाढलेली बाभळीची झुडपे आणि वर्षानुवर्षे कुलूपबंद असलेली घरे मोजून ठेवावीत.

विचारताना ‘हा भाग सुरक्षित आहे का?’ असे विचारू नये, कारण त्यावर अभिमानाने किंवा भीतीने दिलेले उत्तर मिळते. ‘मागच्या वर्षभरात या गल्लीत कोणाकडे काही गेले का, कोणत्या महिन्यात, घरी कोणी होते का, पोलीस किती वेळात आले आणि पुढे काय झाले?’ असे विचारावे. किराणा दुकानदार, इस्त्रीवाले, दूध घालणारे आणि रिक्षा थांब्यावरचे काका यांना वस्तीची वेळापत्रके पाठ असतात. मुलींच्या सुरक्षिततेसाठी शिकवणीहून परतणाऱ्या विद्यार्थिनी आणि कामाला जाणाऱ्या ताई कोणता रस्ता टाळतात हे विचारावे. एकाच कोपऱ्याचे नाव तीन जणींनी घेतले, तर त्या कोपऱ्यावर दुसरा कोणताही पुरावा मागत बसू नये.

राहायला गेल्यावर

घरफोडीच्या बहुतेक बातम्यांत एकच वाक्य असते, ‘अज्ञात चोरट्याने बंद घराचा कडी-कोयंडा तोडून’. त्या वाक्यातच उपाय आहे. बाहेरून लोंबकळणारे कुलूप दोन गोष्टी जाहीर करते, घरात कोणी नाही आणि तोडायचे कुठे. दाराच्या आत बसणारे कुलूप लावावे. कोयंडा ठेवायचाच असेल तर तो साध्या स्क्रूने न बसवता आरपार नटबोल्टने बसवावा, कारण मजबूत कुलूप शाबूत राहते आणि कटावणीने कोयंडाच उखडला जातो. पुढच्या दारापुढे जाळीचा लोखंडी दरवाजा असावा. मागचे दार आणि न्हाणीघराची खिडकी यांकडे आपण सर्वांत शेवटी पाहतो, तेथे आधी लोहाराला बोलवावे.

उन्हाळ्यात गच्चीवर झोपण्याची आपली जुनी सवय आहे आणि उकाडा पाहता ती सोडा असे सांगणे निर्दयपणाचे होईल. पण वर जाताना खालचे दार आतून नव्हे तर कुलपाने बंद करावे, किल्ली उशाखाली घ्यावी, आणि शक्य असेल तर घरातील एक मोठे माणूस आळीपाळीने खाली झोपावे. तसेच आपल्या शहराला गावाला जाण्याचे ठरलेले मोसम आहेत. मे महिन्यात तेलंगणातील नातेवाइकांकडे जाणारी कुटुंबे, आषाढीला पंढरपूर, कोजागरीला तुळजापूरची पदयात्रा, आणि गड्ड्याच्या दिवसांत संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत बंद असणारी घरे. ही वेळापत्रके आपल्याला जशी ठाऊक आहेत तशी चोरालाही असतात. जाताना दूध आणि वर्तमानपत्र बंद करावे, शेजाऱ्यांना निघण्याचा आणि परतण्याचा दिवस सांगावा, ठाण्याच्या बीट अंमलदारांना, म्हणजे आपला भाग सांभाळणाऱ्या पोलिसांना, कळवून ठेवावे, आणि प्रवासाची छायाचित्रे घरी परतल्यावरच सर्वांना दाखवावीत.

सोने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा किंवा कर्मचाऱ्याने केलेली फसवणूक यांमुळे लॉकरमधील वस्तू गेल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते. ही भरपाई सोन्याच्या किमतीएवढी असेलच असे नाही, म्हणून पावत्या आणि प्रत्येक दागिन्याचे छायाचित्र घरी वेगळे जपून ठेवावे. फिर्याद देताना ‘तीन तोळ्यांचे गंठण’ एवढेच सांगणारी व्यक्ती आणि घडणावळीसह पावती दाखवणारी व्यक्ती यांत पुढे, मुद्देमाल सापडल्यावर तो ओळखण्याच्या वेळी, फार अंतर पडते.

ज्येष्ठांना फसवण्याच्या काही रीती वर्षानुवर्षे चालत आलेल्या आहेत. ‘आम्ही पोलीस आहोत, पुढे खून झाला आहे, दागिने काढून रुमालात बांधा’ असे सांगणारे साध्या वेशातील दोघे, भांडी आणि दागिने चमकवून देणारे फेरीवाले, ‘शेठ गरिबांना साड्या वाटत आहेत, गळ्यातले काढून या’ असे सांगणारी गोड माणसे. खरा पोलीस कोणालाही रस्त्यात दागिने काढायला सांगत नाही, हे आई-वडिलांना एकदा सांगून पुरत नाही. सणासुदीच्या आधी पुन्हा सांगावे. पोलीस असल्याचे भासवून फोनवरून केली जाणारी ‘डिजिटल अटक’ कायद्यात अस्तित्वातच नाही. पैसे गेलेच तर घरच्यांना काय सांगावे या विवंचनेत वेळ न दवडता तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी गोठवली गेली तरच ती हाती लागण्याची आशा असते. मोबाईल चोरीला गेल्यास संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर फोनचा आयएमईआय (ओळख) क्रमांक देऊन तो बंद करता येतो. हा क्रमांक आजच, फोन हातात असताना, ‘स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश’ दाबून वहीत लिहून ठेवावा.

घरमालकांनी भाडेकरूची माहिती पोलिसांकडे देण्यात टाळाटाळ करू नये. याबाबत पोलीस आयुक्त वेळोवेळी आदेश काढतात आणि तो मोडणे हा गुन्हा आहे. ही माहिती देणे म्हणजे भाडेकरूवर संशय घेणे नव्हे. नियम सर्वांना सारखा लावला तर कोणालाही अपमान वाटत नाही.

शेजार बांधताना

पन्नास घरांनी वर्गणी काढून कॅमेरे बसवले आणि वर्षभरानंतर चोरी झाली तेव्हा चित्रणात फक्त हेल्मेट आणि टोपीचा माथा दिसला, असे मी स्वतः पाहिले आहे. कॅमेरा उंच खांबावर नव्हे, तर चेहरा टिपला जाईल अशा उंचीवर आणि गल्लीच्या तोंडाशी हवा, जेथे वाहनाचा वेग कमी होतो. तेथे रात्री उजेड हवा, यंत्रातील तारीख-वेळ बरोबर हवी, आणि चित्रण साठवणारा डबा कुलपात हवा. ते न्यायालयात पुरावा म्हणून द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागते, म्हणून देखभाल कोणाकडे आहे हे ठरलेले असावे. कॅमेऱ्याआधी दिव्याचा पाठपुरावा करावा. बंद पथदिव्याची तक्रार महापालिकेच्या विभागीय कार्यालयात खांबाच्या क्रमांकासह लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. ‘आमच्या गल्लीत अंधार आहे’ या तक्रारीला कोणीही उत्तर देत नाही, क्रमांक दिलेल्या खांबाला द्यावे लागते.

आणि एका बाबतीत फार सावध राहावे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारले. त्यांत आपल्याच जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्यातून भिक्षुकीसाठी गेलेली माणसे होती. म्हणून वस्तीच्या मोबाईल गटावर कोणाचेही छायाचित्र ‘संशयित’ म्हणून टाकू नये, ऐकीव संदेश पुढे पाठवू नये, आणि अनोळखी माणसाला अडवण्याऐवजी ११२ या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे. रात्रीची गस्त घालायची असेल तर ती ठाण्याला कळवून, हातात काठी न घेता, शिट्टी आणि बॅटरी घेऊन घालावी.

गुन्हा घडलाच तर

दार फुटलेले दिसले तर आत जाऊ नये. चोर आत असू शकतो आणि नसला तरी ठसे पुसले जातात. बाहेरूनच ११२ ला फोन करावा. श्वानपथक, ठसेतज्ज्ञ आणि पंचनामा होईपर्यंत कपाटाला हात लावू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, खबर, घटना कोणत्याही हद्दीत घडलेली असली, तरी कोणत्याही ठाण्यात देता येते. फिर्याद वाचून किंवा वाचून घेऊनच सही करावी, आणि प्रत विनामूल्य मागून घ्यावी. तो अधिकार आहे. ठाण्यात जाऊन साक्ष देण्याच्या धास्तीने गप्प राहणाऱ्यांना सांगावे की, स्त्रिया, १५ वर्षांखालील मुले आणि ६० वर्षांवरील पुरुष यांना तपासातील जबाबासाठी पोलिसांना राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही.

दखलपात्र गुन्हा असूनही नोंद झाली नाही, तर ‘उद्या या’ हे उत्तर घेऊन परतू नये. शहरात उपायुक्त किंवा आयुक्तांकडे लेखी तक्रार टपालाने पाठवावी आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. ‘ललिता कुमारी’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच अशी नोंद बंधनकारक ठरवली आहे. घराची किंमत उतरेल म्हणून शेजाऱ्याला फिर्याद देण्यापासून परावृत्त करणारे लोकही भेटतात. त्यांना हे समजावून सांगावे लागते की, नोंद नसलेल्या गल्लीकडे गस्तीची गाडी वळण्याचे कारणच उरत नाही. नोंद झाल्यावर गुन्हा रजिस्टर क्रमांक आणि तपासी अंमलदाराचे नाव वहीत लिहावे. तपासाची प्रगती फिर्यादीला ९० दिवसांत कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, म्हणून ती तारीख दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावी, आणि त्या दिवसापर्यंत काही कळले नाही तर फिर्यादीची प्रत जोडून लेखी विचारणा करावी.